घेतली एकदाची गाडी

सर, मी गाडी घेतली. घेऊन आता काही वर्षं झाली, पण ही बातमी ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्यांनाच सांगायची राहिली. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आज ती कॉलेजात आहे. इतक्या उशिरा लिहायला बसले म्हणून तुम्ही रागावणार नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकाऊ उशिरा आला की तुम्ही घड्याळाकडे बघायचा नाहीत, नुसतं म्हणायचात, "आलास ना? मग बस." तसंच आताही म्हणा.

बारावी झाल्यावर मी तुमच्याकडे कामाला लागले ते गाडी शिकायला नव्हे. होळी या आमच्या गावाहून सायकल मारत यायचं, त्या एका खोलीच्या ऑफिसात झाडू मारायचा, फोन घ्यायचा, लोकांचे अर्ज भरून द्यायचे, एवढंच माझं काम. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी तुमची जुनी फियाट, गिअर हँडललाच असलेली. सकाळचा पहिला शिकाऊ म्हणजे बँकेतले साहेब. ते आठवड्यातले निम्मे दिवस यायचेच नाहीत, आणि तुम्ही मात्र गाडी सुरू करून तयार बसलेले असायचात. एक दिवस तुम्ही खिडकीतून हाक मारलीत, "ए पोरी, ये इकडे. तवा तापलाय, एक पोळी टाकून घेऊ." मला वाटलं, खरंच काही खायला आणायचंय. मी पदरचे पैसे घेऊन बाहेर आले तर तुम्ही बाजूच्या सीटवर सरकून बसला होतात आणि चालवणाऱ्याची जागा रिकामी होती.

माझी उंची ही एवढीशी. बॉनेट दिसायचं, त्यापुढचा रस्ता दिसायचा नाही. आपण गिरीजपर्यंत जायचो, कारण तुमचं घर तिथे होतं आणि चहाही तिथेच व्हायचा. तुमच्या पत्नीला मी बाई म्हणायचे. त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं असायचं आणि त्यातून केळीची पानं जवळजवळ आत आलेली असायची. बाहेर अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत नारळाची सोडणं जळत असायची. बाई तांदळाची भाकरी थापता थापता मला विचारायच्या, "आज कुणाला धडक दिलीस?" आणि आदल्या रात्रीचं माशांचं कालवण वाटीत वाढायच्या. एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर एक जाड, चौकोनी उशी ठेवली. जुन्या लुगड्याची खोळ, आत वाडीतल्या सावरीचा कापूस. "घे. आता रस्ता तुझ्याहून उंच राहायचा नाही," म्हणाल्या. मला घरात नवं काही मिळायचं ते दिवाळीला, तेही धाकट्या बहिणीच्या मापाला पुढे चालेल असं. ती उशी मात्र फक्त माझ्याच उंचीसाठी शिवलेली होती. त्या उशीवर बसून मी पहिल्यांदा रस्ता नीट पाहिला.

आणि तो एक दिवस, ज्या दिवशी तुम्ही मला उतरवलंत. गिरीजच्या आतल्या गल्लीत, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं, पुढे डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी चाललीये. मला वाटतंय आपण आता ड्रायव्हर झालो. मी हॉर्न दाबते. म्हातारी दचकते, पाटी कलते, वांगी रस्त्यावर. तुम्ही तुमच्या पायाशी असलेला जादाचा ब्रेक दाबता, हात लांब करून किल्ली काढता आणि शांतपणे म्हणता, "उतर. वांगी उचल. पाटी तिच्या घरापर्यंत तू ने. मी येतो मागून." मी पाटी घेऊन चालतेय आणि तुमची गाडी माझ्या मागे, माणसाच्या चालीने. एकदाही हॉर्न नाही. परत येऊन बसले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "रस्ता आधी पायांचा. मग चाकांचा." मी त्या दिवशी फार रडले होते. आता तेच वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवते, आणि तुमच्याइतकं शांतपणे मला ते जमत नाही.

तुमचं आणखी एक म्हणणं होतं. लायसन्स हातात आलं तेव्हा मी म्हटलं, "सर, याचा काय उपयोग? आमच्याकडे कुठे गाडी आहे? आणि होणार तरी कधी?" तुम्ही म्हणालात, "गाडी दारात नसली तरी चालते, हातात पाहिजे." पुढची वीसेक वर्षं ती हातातच राहिली. लग्न होऊन मी खाडीकाठच्या एका शेतकरी घरात गेले आणि पुढे आम्ही सगळे एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये राहायला आलो. स्टेशनला शेअर रिक्षा, मुंबईला ट्रेन, बाजार चालत. गाडीचा विषय निघालाच तर आमचे हे म्हणायचे, "पार्किंगला जागा शोधत फिरण्यापेक्षा रिक्षा बरी." सासूबाईंचं मत तर अजूनच पक्कं होतं. शेतात आयुष्य गेलेलं, त्या म्हणायच्या, "गाडी म्हंजे दारात बांधलेला बैल. काम नसलं तरी खातो." लायसन्सची मुदत संपली तेव्हा मी रांग लावून ते नवं करून आणलं. हे हसले, "आता कशाला? ओळखपत्र म्हणून?" मी ते कपाटात जपून ठेवलं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाऊंकडे मात्र गाडी होती. दर रविवारी ते ती पुसायचे, आरशापासून चाकापर्यंत. माणूस फार सभ्य. जिन्यात भेटले की हमखास म्हणायचे, "वहिनी, कधीही लागली तर हाक मारा. गाडी आपलीच आहे." तेव्हा गाडी असणं म्हणजे असंच होतं सर. लोक हौसेनं घ्यायचे, लग्नकार्याला काढायचे, नातेवाइकांना दाखवायचे. ज्याच्याकडे होती त्याला ती देऊ करताना बरं वाटायचं आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला फारसं अडत नव्हतं.

मग ती साथ आली. तुम्ही पाहिलं नाहीत ते बरंच झालं. सगळा देश आपापल्या घरात कोंडला गेला. ट्रेन बंद, रिक्षा बंद, रस्त्याच्या तोंडाशी आडवे बांबू आणि पोलीस. दोन खोल्यांत आम्ही चौघं. ह्यांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, मुलीची शाळा फोनवर, सासूबाईंची टीव्हीवरची पोथी आणि माझा कुकर. एका सकाळी मोरीत पाणी सांडलेलं होतं आणि सासूबाई घसरल्या. पायाचं हाड मोडलंय हे बघताक्षणीच कळत होतं. त्या ओरडल्या नाहीत. "मना हलवू नको गो," एवढंच म्हणाल्या. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर लागेना, लागला तर म्हणाले आधीच्या पेशंटना सोडल्याशिवाय जमणार नाही. मी समोरच्या दाराची बेल वाजवली.

भाऊंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. मी सांगितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, घरात वडील आहेत. ऐंशी वर्षांचे. हॉस्पिटलात काय काय असेल... मला नाही जमणार. खरंच नाही जमणार." त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी, समोरच्या वहिनी, उभ्या होत्या. मी रागावले नाही, खरं सांगते. त्या दिवसांत प्रत्येकजण आपल्या घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाकडे बघून उत्तर देत होता. पण दार लागल्यावर जिन्यात उभी राहून मला तुमचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा वाटलं, सर, एवढंच तुमचं चुकलं. गाडी हातात होती माझ्या. दारात नव्हती.

शेवटी कामाला आला तो भाजीचा टेम्पो. होळीचा एक शेतकरी, माझ्या माहेरच्या शेजारचाच, त्या दिवसांत सोसायट्यांच्या गेटवर भाजी आणायचा. भाजीवाल्यांना पास होता. मी गेटवर धावत गेले. तो म्हणाला, "ताई, गाडीत जागा नाय, पन करू." त्याने मेथीच्या जुड्या एका बाजूला लावल्या, केळीची पानं अंथरली, वर आमची गादी. वॉचमन, हे आणि तो, तिघांनी मिळून सासूबाईंना चादरीत उचलून खाली आणलं. पोलिसाने बांबूपाशी अडवलं, आत डोकावलं, मेथीत आडवी झालेली म्हातारी बघितली आणि काही न विचारता बांबू वर केला. सासूबाई वर आभाळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "जल्मात इतकी भाजी बाजारात नेली. आज भाजीनं मना नेली." आणि हसल्या सर, त्या दुखण्यात.

पाय बसवला, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. आता दर काही दिवसांनी दाखवायला न्यायचं होतं, आणि दर वेळी टेम्पो कुठून आणणार? त्या संध्याकाळी हे हिशेबाचं काम बाजूला ठेवून माझ्यापुढे येऊन बसले. "तुला खरंच येते का गं अजून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येते." खरं तर मला माहीत नव्हतं.

दुकानं उघडायला परवानगी मिळाली तसे आम्ही हायवेच्या बाजूला एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेलो. नव्या गाडीला थांबावं लागत होतं आणि आम्हाला तेवढा दम नव्हता. आमच्यासारखे तिथे किती होते! तान्हं मूल कापडात गुंडाळून आणलेलं जोडपं. मुंबईच्या हॉस्पिटलात कामाला जाणारी एक नर्स. मोटरसायकल विकून आलेले एक गृहस्थ, जे सारखे म्हणत होते, "दरवाजा बंद होणारी पाहिजे, बाकी काही नको." डीलर तरुण होता, मास्क हनुवटीवर. मला म्हणाला, "ताई, आधी कस्टमर विचारायचा कलर कोणता, म्युझिक सिस्टीम आहे का. आता एकच विचारतो, आज मिळेल का? लोकांना गाडी नको आहे ताई, लोकांना भिंती पाहिजेत. चाकं असलेल्या." आणि दुसऱ्या बाजूला विकणारे उभे होते. विमानतळाला भाडी मारणारे, ज्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या. एकाच अंगणात एकाची अडचण दुसऱ्याच्या अडचणीला विकली जात होती, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आम्हाला परवडेल अशी एक छोटी, राखाडी गाडी होती. तिची मालकीण विरारची, स्वतःचं ब्युटी पार्लर असलेली. पार्लर बंद, भाडं चालू. कागद व्हायचे होते तोवर ती गाडीतच बसून होती, दोन्ही हात हँडलवर. मी काचेजवळ गेले तशी खाली उतरली. डोळे ओले होते पण आवाज व्यवस्थित. "सेकंड गिअर जरा हट्टी आहे ताई," ती म्हणाली. "जोर नका लावू. हळू सांगा, ऐकतो." मी तिला म्हटलं, "तुमचं पार्लर उघडलं की मला फोन करा, मी येईन." तिने मास्कवरच हात ठेवून हसू दाबलं. पुढे तिचं पार्लर खरंच उघडलं, आणि मी गेलेही, तिच्याच गाडीतून. तिने आधी गाडीला हात लावला, मग माझ्या केसांना.

डीलरचा माणूस गाडी घरी सोडायला येणार होता. मी म्हटलं, "मीच नेते." ह्यांनी दाराच्या वरची मूठ गच्च धरली आणि ती एव्हरशाईनपर्यंत सोडली नाही. माझा डावा हात गिअर शोधत हँडलकडे जायचा, तुमच्या फियाटच्या सवयीने, आणि गिअर तर खाली, दोन सीटच्या मधे. गेटमधून निघतानाच गाडी बंद पडली, पुन्हा पडली. पण रस्ता रिकामा होता. तसा रस्ता मला तुमच्याबरोबर पहाटेसुद्धा कधी मिळाला नव्हता. तिसऱ्या गिअरला आले तेव्हा पायांना आपोआप सगळं कळायला लागलं, क्लच कुठे सुटतो, ब्रेक कुठे धरतो. हे म्हणाले, "येते की गं तुला!" इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं चकित झालेलं पाहिलं नव्हतं.

सासूबाईंना पहिल्यांदा नेलं तेव्हा त्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या, डोळे मिटून, ओठांत देवाचं नाव. "हळू हाक गो," म्हणत होत्या, जसे काही बैलच जुंपलेत. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरकडून परतताना म्हणाल्या, "घरा नको. खाजनाकडं ने." त्यांची ती खाडीकाठची भातशेती, बरीचशी विकलेली, थोडी उरलेली. मी बांधापर्यंत गाडी नेली. त्या काच खाली करून वाऱ्यात तोंड धरून बसल्या. शेजारच्या शेतातली एक बाई जवळ आली, तशी अंतर ठेवूनच, तर तिला ओरडून सांगितलं, "माजी सून हाकते गाडी! ड्रायव्हर नाय, सून!" आणि मग मला, हळूच, "पानी आहे का गो गाडीत?" तेव्हापासून गाडीत पाण्याची बाटली त्यांच्या नावाची.

पुढे ट्रेन सुरू झाल्या, रिक्षा भरभरून धावायला लागल्या. ज्यांनी घाईनं गाड्या घेतल्या होत्या त्यांच्या गाड्या सोसायटीत कापडं पांघरून उभ्या राहिल्या आणि पार्किंगवरून भांडणं होऊ लागली. डीलरचा फोन आला, भाव चांगला मिळतोय म्हणून. ह्यांना पटलं. "गरज होती तेव्हा घेतली, गरज संपली," ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं. मी नको म्हटलं, पण कशासाठी नको ते मला धड मांडता येईना. रविवारी माणूस गाडी बघायला आला. आम्ही खाली गेलो तर मागच्या सीटवर सासूबाई. काठी बाजूला, पाण्याची बाटली मांडीवर.

"आई, उतर जरा. त्यांना गाडी बघायचीये," हे म्हणाले.

"बघू दे. मी काय काच झाकलीय?"

"अगं, विकतोय आपण ती."

"मना धरून इकायची तर इका," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

तो माणूस हसत हसत निघून गेला. हे गाडीला टेकले आणि आत बसलेल्या आईला तिच्याच बैलाच्या गोष्टीची आठवण करून देत म्हणाले, "काम नसलं तरी खातो ना हा?" काच थोडी खाली आली. "म्हाताऱ्या बैलाला कोन इकतो? तू इकशील?" त्यानंतर विकण्याचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

त्याच आठवड्यात समोरच्या वहिनी आल्या. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी जिन्यातसुद्धा नजर टाळून बोलायच्या. आत येऊन बसल्या, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "मला गाडी शिकवाल? शाळेत नाही जायचं मला, तुमच्याकडूनच शिकायचंय." मी म्हटलं, तुमच्याकडे गाडी आहे, भाऊ शिकवतील की. त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी हे नाही म्हणाले. त्यांचं खरं होतं, सासरे होते घरात. पण मी मागे उभी होते हो. किल्ली माझ्या हाताशी, खिळ्याला टांगलेली. मला येत असती ना, तर मी म्हटलं असतं, चला. मग घरात काय व्हायचं ते झालं असतं." मी उठून लायसन्सचा अर्ज कसा भरायचा ते सांगायला बसले, कारण सर, ते काम मला झोपेतही येतं.

त्यांचं शिकाऊ लायसन्स आल्यावर मी त्यांना त्यांच्याच गाडीतून गिरीजला न्यायचे, रविवारी सकाळी, तुमच्याच गल्ल्यांत. आता तिथे बंगले झालेत, पण वळणं तीच आहेत आणि कुंपणावरून केळीची पानं अजून गाडीला घासतात. भाऊ बाल्कनीतून आम्हाला जाताना बघायचे. आता ते रविवारी गाडी पुसत नाहीत, म्हणतात, "जिची पाळी तिने पुसावी." वहिनींचं पक्कं लायसन्स आलं तेव्हा पहिल्या खेपेला त्यांनी सासऱ्यांनाच नेलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे. आता आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी एक बाई विचारतायत. साथीनं लोकांना गाडी घ्यायला शिकवलं असं सगळे म्हणतात. आमच्या जिन्यात तिनं बायकांना किल्ली मागायला शिकवलं. तुम्ही म्हणायचात ते आणि मी त्या दिवशी जिन्यात म्हटलं ते, दोन्ही खरं निघालं. समोरच्या वहिनींच्या दारात गाडी होती, हातात नव्हती.

तेव्हा सगळं ठीक आहे सर. सासूबाई काठीने चालतात, हे कधीकधी पुढे बसून मूठ न धरता झोपतात. हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, ते गाडीतच, विम्याच्या कागदांखाली पुढच्या कप्प्यात राहील. फक्त एक सांगते, घरी कुणाला सांगितलेलं नाही. अधूनमधून मी खाली येते, गाडीत बसते, काचा बंद करते, आणि कुठेच जात नाही. कुणी हाक मारत नाही, कुकरची शिट्टी होत नाही. माझं नाव ज्याच्या कागदावर आहे असं एवढंच एक ठिकाण आहे, त्यात मी नुसती बसते. आत्ताही तिथेच बसून लिहितेय. घरी सांगून आलेय की टायरमध्ये हवा भरून येते. हवा कालच भरली.